कवितेचं ‘कवितम’

वाचनालयातल्या दिवाळी अंकांची सूची करायला घेतली होती. चार कपाटं भरून अंक, जुन्यांची पानं दोऱ्याने शिवलेली. ग्रंथपालांची मागणी एवढीच होती: “अमुक कवीची कविता कुठल्या अंकात, कितव्या पानावर आली होती, एवढं सांगणारं काहीतरी करून द्या.” रेल्स या रुबी भाषेतल्या वेब-चौकटीत करायचं ठरवलं. अंकांचं एक मॉडेल, लेखकांचं एक, कथांचं एक. तिन्ही एकेका कमांडीत उभी राहिली. मग कवितेची कमांड टंकली, एंटर दाबलं, आणि टर्मिनलने कळवलं की ‘कविता’ हे अनेकवचन दिसतंय, सबब त्याचं एकवचन ‘कवितम’ वापरत आहे.

आधी हसू आलं. मग फोल्डर उघडून पाहिला, तर ‘कवितम’ नावाची फाइल खरोखरच तयार होऊन बसली होती.

हे का झालं ते सांगेनच, पण त्याआधी मी नेमकं काय करत होतो ते सांगायला हवं. वाचनालयाची दाखल नोंदवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना डेटाबेस वेगळा शिकवावा लागत नाही. आडवं मोठं रजिस्टर, उभ्या रेघा, वर मथळे: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, शेरा. प्रत्येक पुस्तकाला एक ओळ. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती अशा ओळी-रकान्यांत मांडण्याला गणिताचा पाया दिला, आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. रजिस्टर म्हणजे टेबल. ‘मॉडेल’ म्हणजे त्या रजिस्टरवर नेमलेला कारकून. “2011 चे सगळे अंक काढ” म्हटलं की तो काढतो, “हा नवा अंक नोंद” म्हटलं की शीर्षक रिकामं नाही ना हे बघून नोंदतो. बाकीचा प्रोग्रॅम रजिस्टरला हात लावत नाही, कारकुनाशी बोलतो.

हा कारकून नेमायची आणि रजिस्टर आखायची तयारी एका ओळीत होते. पडद्यावर ती रोमन लिपीत टंकायची. इथे देवनागरीत लिहितो:

रेल्स जनरेट मॉडेल अंक नाव:स्ट्रिंग वर्ष:इंटिजर संपादक:स्ट्रिंग

एंटर दाबल्यावर खाली ‘क्रिएट’, ‘क्रिएट’ अशा ओळी सरकतात. त्यातून चार फाइली जन्माला येतात. एक मायग्रेशन, म्हणजे रजिस्टर कसं आखायचं याची लेखी सूचना. एक खुद्द मॉडेलची. एक चाचणीची, आणि एक चाचणीसाठी लागणाऱ्या नमुना नोंदींची. टेबल अजून तयार झालेलं नसतं. ‘रेल्स डीबी मायग्रेट’ ही दुसरी कमांड दिली की सूचना अमलात येते.

नवशिका सर्वात आधी मॉडेलची फाइल उघडतो आणि गोंधळतो. तिच्यात दोनच ओळी असतात: पहिलीत ‘क्लास अंक’ आणि त्याचं कूळ, दुसरीत ‘एंड’. नाव, वर्ष, संपादक कुठे गेले? ते कुठेही गेलेले नाहीत. प्रोग्रॅम चालू झाला की मॉडेल डेटाबेसलाच विचारतं, “माझ्या टेबलात कोणते कॉलम आहेत?” आणि मिळालेल्या उत्तरावरून नाव, वर्ष, संपादक या मेथड आपल्या अंगाला लावून घेतं. टेबलातली एक ओळ म्हणजे प्रोग्रॅममधली एक वस्तू, या रचनेला मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या पुस्तकात ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’ असं नाव दिलं. रेल्सने रचनाही उचलली आणि नावही.

जँगो या दुसऱ्या चौकटीची चाल नेमकी उलटी. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलेल्या या चौकटीत कॉलम मॉडेलच्या फाइलीतच हाताने लिहायचे. मग ‘मेकमायग्रेशन्स’ ही कमांड दिली की ती आधीची स्थिती आणि आताची स्थिती ताडून पाहते आणि फरकाची सूचना स्वतः लिहिते. एखाद्या कॉलमचं नाव बदललंत तर थांबून विचारते, “तुम्ही याचंच नाव बदललंत का?” हो म्हटलं तर आतली माहिती जपली जाते. नाही म्हटलं तर जुना कॉलम माहितीसकट काढून नवा रिकामा कॉलम घालायची सूचना लिहिली जाते. तिथे सवयीने नुसतं एंटर ठोकणाऱ्याला उत्तर ‘नाही’ असं धरलं जातं. मला रेल्सची पद्धत हाताला बसली आहे, पण जँगोचा हा प्रश्न विचारायचा स्वभाव आवडतो.

रेल्स आलं ते जुलै 2004 मध्ये. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन शिकागोच्या 37 सिग्नल्स कंपनीसाठी बेसकॅम्प नावाचं सॉफ्टवेअर लिहीत होते. त्यातला पुन्हा पुन्हा लागणारा भाग वेगळा काढून त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. 2005 मध्ये त्यांचं एक प्रात्यक्षिक फिरलं: 15 मिनिटांत ब्लॉग. त्या काळी जावामध्ये काम करणाऱ्याला एक टेबल पडद्यावर आणायला एक्सएमएलची पानंच्या पानं भरावी लागत. त्याने ते प्रात्यक्षिक पाहिलं तेव्हा आपली कुठेतरी फसवणूक होत आली आहे असं वाटलं असणार.

त्या प्रात्यक्षिकातली जादू ‘स्कॅफोल्ड’ची होती. या शब्दाला मराठीत चांगला प्रतिशब्द आहे, परांची. इमारत बांधताना बाहेरून बांबू बांधतात ती. स्कॅफोल्ड कमांड मॉडेलबरोबर यादीचं पान, भरायचा फॉर्म, बदलायचा फॉर्म, सगळंच उभं करते. पण परांचीवर कोणी बिऱ्हाड करत नाही. भिंत उभी राहिली की बांबू सोडायचे असतात, आणि मी अशी किती तरी संकेतस्थळं पाहिली आहेत जिथे मालक अजून बांबूवरच राहतोय. म्हणून मी नुसतं ‘मॉडेल’ जनरेट करतो. बाकीचं लागेल तसं हाताने.

आता कॉलमच्या प्रकारांकडे येऊ. कमांड टंकायला दहा सेकंद लागतात, पण विसर्गचिन्हासारख्या त्या दोन ठिपक्यांनंतर काय लिहिता यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

किंमत घ्या. ‘फ्लोट’ लिहिलं तर चालतं, काहीच तक्रार येत नाही. पण संगणक फ्लोट दोनच्या घातांत साठवतो आणि 0.1 त्यात अचूक बसत नाही, 0.1 आणि 0.2 मिळवलं की 0.30000000000000004 येतं. पैशाला ‘डेसिमल’ हवं, आणि एकूण किती अंक, दशांशानंतर किती, हे महिरपी कंसात सांगता येतं: किंमत:डेसिमल, पुढे कंसात 8,2. हे मी पहिल्यांदा टंकलं तेव्हा भलतंच झालं. टर्मिनलमधल्या बॅश शेलला महिरपी कंसाचा स्वतःचा एक अर्थ आहे. कंसात स्वल्पविराम दिसला की तो शब्दाच्या दोन प्रती काढतो. रेल्सपर्यंत पोचले ते दोन कॉलम: एक ‘डेसिमल8’ प्रकारची किंमत, दुसरी ‘डेसिमल2’ प्रकारची किंमत. रेल्सची काही चूक नव्हती. निरोप्यानेच निरोप बदलला होता. सगळा तुकडा अवतरणचिन्हांत घातला की शेल हात लावत नाही.

मोबाइल नंबरचा किस्सा याहून वरचा. वर्गणीदारांचं मॉडेल करताना ‘फोन:इंटिजर’ लिहिलं. आकडेच तर आहेत, म्हटलं. माझ्या लॅपटॉपवर रेल्सबरोबर आपोआप येणारा एसक्यूलाइट डेटाबेस होता. नंबर भरले, यादी आली, सगळं सुरळीत. सर्व्हरवर मात्र पोस्टग्रेस होता. तिथे पहिल्याच वर्गणीदाराचा नंबर भरताना प्रोग्रॅम कोसळला. साधा इंटिजर तिथे 4 बाइटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 मावतात. आपले 10 आकडी मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर त्या खणात मावत नाही! एसक्यूलाइटचा खण 8 बाइटांचा, म्हणून घरी सगळं बसलं.

मोठा खण दिला की सुटलं, असंही नाही. जुन्या सभासदांनी मुंबईचे लँडलाइन दिले होते, 022 ने सुरू होणारे. आकडा म्हणून साठवले की पुढचं शून्य गळतं. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ती संख्या नव्हे, ते नाव आहे. फोन, पिनकोड, दाखल क्रमांक ही सगळी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. ग्रंथपालांना हे सांगितलं तर म्हणाले, “आमच्या दाखल क्रमांकात मध्येच ‘अ’ येतो, तो तुमच्या आकड्यात कसा बसवणार होता?” दोन भाग एकाच क्रमांकावर दाखल झाले तर ते 1432 आणि 1432-अ असे लिहितात. कमांड टंकण्याआधी रजिस्टर उघडून बसायला हवं होतं.

दाखल क्रमांक दोनदा येता कामा नये, यासाठी कमांडीत ‘दाखल_क्रमांक:स्ट्रिंग:युनिक’ अशी तिसरी शेपटी लावता येते. तिथे रोमनमध्ये ‘युनिक’ची पहिली चार अक्षरंच लिहायची. त्याने डेटाबेसमध्येच कुलूप बसतं. अनेक जण हे न करता मॉडेलमध्ये पडताळणीची ओळ लिहून समाधान मानतात. पण कधी दोन मेजांवरचे दोन कारकून एकाच क्षणी “1500 आहे का?” असं विचारतात, दोघांना “नाही” असं उत्तर मिळतं आणि दोघंही 1500 नोंदवतात. पडताळणी वाचकाला नीट शब्दांत चूक सांगण्यासाठी ठेवावी. राखण डेटाबेसकडेच द्यावी.

‘टाइप’ या नावाचा कॉलम करायचा मोह तर हमखास होतो. कथेचा प्रकार: विनोदी, गूढ, ऐतिहासिक. रेल्समध्ये ‘टाइप’ हा कॉलम राखीव आहे. एकाच टेबलात अनेक प्रकारची मॉडेलं ठेवायची असतील तर त्यात क्लासचं नाव लिहिलं जातं. त्यात ‘विनोदी’ भरलंत की रेल्स त्या नावाचा क्लास शोधत सुटतं आणि सापडला नाही म्हणून काम थांबवतं. कॉलमला रोमन अक्षरांत का होईना ‘प्रकार’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. मराठी नावं ठेवण्याचा हा एक फायदा माझ्या हिशेबात जमा आहे.

आणि नातं. ‘अंक:रेफरन्सेस’ लिहिलं की कवितेच्या टेबलात अंकाचा क्रमांक ठेवायचा कॉलम येतो, त्याचा इंडेक्स येतो, अस्तित्वात नसलेल्या अंकाकडे बोट दाखवता येणार नाही असं बंधन येतं, आणि कवितेच्या मॉडेलमध्ये ‘ही अंकाची आहे’ अशी ओळही लिहिली जाते. पण अंकाच्या मॉडेलमध्ये ‘माझ्याकडे कविता आहेत’ ही ओळ जनरेटर लिहीत नाही. सोयरीक एकाच घरी कळवतो. दुसऱ्या घरी आपण जाऊन सांगायचं.

मायग्रेशनच्या फाइलीच्या नावाला पुढे 14 आकड्यांचं शेपूट असतं. शेपूट म्हणजे पुढे कसं, पण तसंच आहे. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ मात्र ग्रिनिचची. 1 नोव्हेंबर 2024 ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पहाटे 2 वाजता कोणी पुण्यात बसून फाइल केली तर तिच्यावर 20241031203000 असा आदल्या रात्रीचा शिक्का पडेल. पूर्वी 001, 002 असे साधे क्रमांक असत. दोघांनी आपापल्या घरी 014 केली की एकत्र करताना भांडण. 2008 मध्ये आलेल्या 2.1 आवृत्तीपासून तारीखवेळ आली.

डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल असतं, त्यात फक्त हे आकडे असतात. हजेरीपुस्तकच. मायग्रेट कमांड हजेरी बघते आणि जी सूचना अमलात आलेली नाही तीच चालवते. माझा एक अख्खा रविवार यात गेला. कथांच्या टेबलात पानाचा कॉलम राहिला होता. मी सरळ जुनी मायग्रेशन उघडली, त्यात एक ओळ घातली, मायग्रेट केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही, चूकही नाही. त्या फाइलची हजेरी लागलेली होती. आत काय बदललं हे कोणी बघतच नव्हतं. फाइल फक्त आपल्याच यंत्रावर असेल तर ‘रोलबॅक’ करून बदलावी. सहकाऱ्यांपर्यंत गेली असेल तर तिला हात न लावता नवी करावी. नवीचं नाव ‘ॲड पान टू कथाज’ असं सरळ जोडून ठेवलं आणि पुढे ‘पान:इंटिजर’ लिहिलं, की जनरेटर ते नाव वाचून आतली ओळ स्वतः भरतो.

न लिहिलेल्या गोष्टीही जनरेटर ठरवत असतो. प्रत्येक टेबलाला ‘आयडी’ हा कॉलम न मागता मिळतो, एक, दोन, तीन असा वाढत जाणारा. बरीच वर्षं तोही 4 बाइटांचाच होता, मोबाइल नंबर न मावणारा तोच खण. 2017 मध्ये 5.1 आवृत्तीने नव्या टेबलांसाठी तो 8 बाइटांचा केला. जुनी टेबलं जशी होती तशीच राहिली. 8 नोव्हेंबर 2018 ला बेसकॅम्पमध्ये, म्हणजे जिथे रेल्स जन्मलं त्याच घरी, घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या टेबलाचा आयडी 2,14,74,83,647 वर पोचला. पुढचा आकडाच नव्हता. जवळपास पाच तास गिऱ्हाइकांना जुनं वाचता येत होतं, नवं काही लिहिता येत नव्हतं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं. रेल्स करणाऱ्यांनी दुरुस्ती दीड वर्ष आधीच जगाला दिली होती, फक्त स्वतःच्या जुन्या टेबलाला लावायची राहिली.

आता कवितम.

रेल्सचा संकेत असा की मॉडेल एकवचनी, टेबल अनेकवचनी. एक अंक, म्हणून मॉडेल ‘अंक’. रजिस्टरात पुष्कळ अंक, म्हणून टेबल ‘अंक्स’. हा संकेत पाळला की कोणतं मॉडेल कोणत्या टेबलाचं हे कुठेच लिहावं लागत नाही, आणि जनरेटरची खरी कमाई मला यातच दिसते. टंकायचे श्रम वाचतात ते किरकोळ. दहा जणांच्या दहा प्रकल्पांत एकच गोष्ट एकाच जागी, एकाच नावाने सापडते. पण एकवचनाचं अनेकवचन करायला व्याकरण लागतं, आणि रेल्सच्या पोटात आहे ते इंग्रजी. ‘पर्सन’चं ‘पीपल’, ‘चाइल्ड’चं ‘चिल्ड्रन’ त्याला येतं. ‘झोंबी’चं अनेकवचनही अपवादांच्या यादीत मुद्दाम घातलेलं आहे. तांदूळ, मेंढ्या, पोलीस आणि जीन्स यांना वचनभेद नाही हेही ठाऊक आहे.

त्याच नियमांत एक लॅटिन नियम आहे. ‘डेटा’चं एकवचन ‘डेटम’, ‘मीडिया’चं ‘मीडियम’. म्हणजे रोमन लिपीत टी-ए किंवा आय-ए ने संपणारा शब्द दिसला की तो अनेकवचन समजायचा आणि शेवटचा ए काढून यू-एम लावायचं. ‘कविता’ टी-ए ने संपते. ‘पत्ता’ही, म्हणून त्याचं ‘पत्तम’. ‘रस्ता’चं ‘रस्तम’, ‘मान्यता’चं ‘मान्यतम’. ‘इंडिया’ नावाचं मॉडेल करायला गेलात तर ‘इंडियम’ मिळेल, तो 49 अणुक्रमांकाचा धातू आहे. ‘कथा’ वाचली ती केवळ टी आणि ए यांच्यामध्ये एच आला म्हणून.

सरळ देवनागरीत नाव ठेवावं, तर रुबीत क्लासचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, आणि आपल्या लिपीत कॅपिटलच नाही. शब्दांचे हे नियम सुधारून द्यायला गेलं तर रेल्सवाले घेत नाहीत. चुकीच्या रूपांवरही कोणाची तरी जुनी प्रणाली उभी असेल, ती पडेल, म्हणून. मला हे कारण पटतं. उपाय आपल्या प्रकल्पापुरता करायचा असतो.

‘रेल्स डिस्ट्रॉय मॉडेल कवितम’ अशी कमांड दिली. चारही फाइली आल्या तशा गेल्या. मायग्रेट केलं नव्हतं हे बरं. केलं असतं तर फाइल गेली तरी टेबल तसंच राहतं, आणि हजेरी तपासली की ‘नो फाइल’ असा बेवारस शेरा दिसतो. मग शब्दरूपांच्या सेटिंगची फाइल उघडून एक ओळ लिहिली की ‘कविता’ला वचनभेद नाही. लिहिताना लक्षात आलं, हे मराठी व्याकरणाला धरूनच आहे. एक कविता, चार कविता. अनेकवचन यंत्राने बरोबरच ओळखलं होतं. एकवचनातही तोच शब्द असतो, हे त्याला माहीत नव्हतं एवढंच.

कमांड पुन्हा दिली. मॉडेल कविता, टेबल कविता. एक पेच मात्र उरला. एका अंकाचं पान आणि सगळ्या अंकांची यादी यांचे पत्ते रेल्स एकवचन-अनेकवचनावरून वेगळे ओळखतं. इथे दोन्ही सारखेच, मग यादीला काय म्हणायचं? त्याची सोय रेल्सने केलेली आहे: यादीच्या पत्त्याच्या नावाला ते स्वतःहून ‘इंडेक्स’ जोडतं. ‘कविता_इंडेक्स’.

ग्रंथपालांना पडद्यावर ते दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे अनुक्रमणिका,” म्हणाले, आणि शिवण उसवलेला एक अंक उघडून पहिली नोंद सांगायला लागले.